किंजळाच्या बुंध्याशी शिंपले

पहिला दिवस : रेवस

मार्च सरत असताना मुलीचा फोन आला. "आबा, जमलं तर येऊन जा. एकदा रोपं बघा." सुजाता असे कधी म्हणत नाही. मी कारण विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आटपाडीहून निघालो.

मुंबईपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. ज्यांनी हा मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच लिहितो, की मोठ्या जहाजांच्या सावलीतून लाँच बाहेर पडली की डावीकडे उरणची बाजू दिसत राहते आणि समोर हळूहळू रायगडचा हिरवा किनारा उभा राहतो. जन्म दुष्काळी मुलखात गेलेल्या माणसाला एवढे पाणी एकत्र पाहून आनंद होत नाही. त्यातला एक पेलाही पिण्यासारखा नाही, हेच मनात येते.

रेवसचा धक्का हाकेच्या अंतरावर असताना लाँच थांबली. ओहोटी सरत आली होती, पाणी पार उतरले होते आणि तळ गाळात रुतला होता. मी तांडेलाला विचारले, की ओहोटीची वेळ ठाऊक असताना लाँच सोडली कशी. तो शांतपणे म्हणाला, "काका, धक्क्यावर मानसं उभी ऱ्हायली की त्यांना ओहोटी कळत न्हाय."

माझ्या शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन एक कोळीण बसली होती. तिने मला आपादमस्तक पाहिले.

"घाटावरचे का?"

"आटपाडीचा."

"तिकडं पानी हाय?"

"नाही."

"मग बसा अर्धा तास पान्यात. पुन्ना कधी भेटायचं तुम्हांला?"

आजूबाजूची माणसे हसली. तिने पाटीच्या तळातून केळे काढून माझ्या हातात ठेवले. अर्धा तास म्हणाली होती, प्रत्यक्षात तास लागला. आमच्याकडे माणसे एस.टी. पाच मिनिटे थांबली तरी वाहकाशी भांडतात. इथे कोणी घड्याळ पाहिले नाही. भरती आली, लाँच आपोआप सुटली आणि सर्वजण काही घडलेच नाही अशा रीतीने उतरले.

पुढे सहा आसनी रिक्षाने गेलो. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या. नारळीपोफळीच्या वाड्यांमधून रस्ता नागावकडे जातो. मला त्याच्या अलीकडच्या एका गावी उतरायचे होते. वाड्या संपल्या की एकदम तांबडी, बोडकी टेकडी दिसते. तिच्यावर गवताची वाळलेली काडी आणि कातळ यांखेरीज काही नव्हते. ती पाहिली आणि मला घरी आल्यासारखे वाटले. ही स्तुती नव्हे.

सुजाता गावातल्या जाधव गुरुजींच्या घरी राहते. गुरुजी निवृत्त शिक्षक. "जय भीम, या, लाँच रुतली ना?" असे म्हणत त्यांनी माझी पिशवी घेतली. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. तांदळाची भाकरी इतकी मऊ असते, की दातांना काम उरत नाही. बाजरीवर वाढलेल्या माणसाला ते पटत नाही. मी तीन खाल्ल्या.

जेवण झाल्यावर सुजाता ओटीवर येऊन बसली.

"आबा, फरक नाही," ती म्हणाली.

तिच्या कामाची माहिती येथे द्यावी लागेल. या भागात पाऊस आमच्या कित्येक पट पडतो, पण तो चार महिन्यांत समुद्राला मिळतो. मार्चपासून टेकडीखालची विहीर तळ गाठते. टेकडीवर लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. सुजाता भाताच्या तुसाची राख घेऊन तिच्यातून सिलिका वेगळी काढते आणि तिचे अतिसूक्ष्म कण करते. केसाच्या जाडीत असे हजारभर कण शेजारी शेजारी मावतील. त्यांना ती नॅनो कण म्हणते. हे कण पाण्यात अगदी विरळ मिसळून रोपाच्या मुळाशी देतात. रोप ते शोषून घेते, मुळे लांब जातात, पानातून उडून जाणारे पाणी कमी होते. निदान तसे व्हावे अशी अपेक्षा असते. हे प्रथम ऐकले तेव्हा मी तिला म्हणालो होतो, की झाडाला पाणी लागते, भुकटी नव्हे. वनखात्याच्या रोपवाटिकेत माझी सारी नोकरी गेली. भुकट्या पुष्कळ पाहिल्या.

गावाने मात्र तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्या शब्दाखातर दोन वर्षे टेकडीवर शेळ्या सोडल्या नाहीत. आता भरावासाठी टेकडीचा मुरूम काढू द्यावा असे काहींचे म्हणणे पडले होते आणि परवा सकाळी त्यासाठी गावाची सभा भरायची होती. मुरूम गेला की टेकडी गेली, आणि टेकडीबरोबर विहीरही जाणार होती. सुजाताने किंजळ या कोकणातल्या रानझाडाची दोनशे रोपे पिशव्यांत वाढवली होती. निम्म्यांना कणांचा डोस दिला आणि त्यांना निळ्या चिठ्ठ्या लावल्या, उरलेल्या निम्म्यांना डोस न देता पांढऱ्या. मग सर्वांचे पाणी तोडले. पाच दिवसांपूर्वी पाने आणि मुळे मोजली, तेव्हा दोन्ही गट सारखेच भरले.

"सभेत काय सांगणार?" मी विचारले.

"जे आहे ते. पत्र लिहून ठेवलंय."

"रोपं नंतर पाहिलीस?"

"नाही. चार दिवस तिकडं पाऊलच पडलं नाही."

मी तिला आणखी काही विचारले नाही. ती खोटे सांगणार नव्हती, ही एक गोष्ट मला ठाऊक होती.

दुसरा दिवस : रोपवाटिका

रोपवाटिका शाळेच्या मागे आहे. बांबूच्या मांडवावर हिरवी जाळी टाकलेली. एका बाजूला गावाच्या कुंपणासाठीची नेहमीची रोपे, त्यांना रोज पाणी मिळते. हे काम हिराबाई नावाच्या बाई करतात. त्या पुतणीच्या लग्नासाठी उरणकडे गेल्या होत्या आणि चार दिवस गुरुजीच झारी घेऊन येत होते. दुसऱ्या बाजूला सुजाताची किंजळाची रोपे होती.

मी खाली बसलो. माझी पद्धत अशी, की आधी पान पाहायचे नाही, माती पाहायची. तीन पिशव्या पाहिल्या आणि विचारले, "मिश्रणाला वाळू खाडीची घेतलीस?"

"नाही आबा. नदीची. खाऱ्या वाळूत रोपं लावीन का मी?"

"मग शिंपले कुठून आले?"

तिने वाकून पाहिले. बुंध्याशी नखाएवढे पांढरे शिंपले होते, तिसऱ्यांचे, म्हणजे इथे कालवणात खातात त्या शिंपल्यांचे. एका पिशवीत चार, दुसरीत पाच, तिसरीत एकही नाही.

"इथं शिंपले सगळीकडं असतात आबा. अंगणात, रस्त्यात, बांधकामाच्या वाळूतसुद्धा. माझं लक्षच गेलं नाही."

तिचे म्हणणे खरे होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला शिंपला दिसत नाही. आटपाडीच्या माणसाला दिसतो. मात्र जो आपोआप आला असता तो मातीत कुठेही, कसाही मिसळला असता. हे शिंपले वरच होते, बुंध्याला लागून, पालथे ठेवलेले.

आम्ही ओळीने मोजत गेलो. मी आकडा सांगायचा, तिने लिहायचा. दुसरी ओळ संपता संपता तिचा आवाज बदलला. पांढऱ्या चिठ्ठीच्या पिशव्यांत तीन, चार, पाच शिंपले होते. निळ्या चिठ्ठीच्या बहुतेक पिशव्या रिकाम्या होत्या, क्वचित एखाद्या पिशवीत एक. मग मी प्रथमच पानांकडे पाहिले. ऊन अजून चढले नव्हते, तरी पांढऱ्या चिठ्ठीच्या रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती.

"कुणीतरी पाणी घातलंय," ती म्हणाली. "फक्त यांना."

"आणि चार दिवस घातलेलं नाही," मी म्हणालो.

चार दिवस कोण गावात नव्हते हे दोघांनाही ठाऊक होते.

हिराबाई दुपारी लग्नाहून परतल्या आणि पिशवी घरात टाकून थेट रोपवाटिकेत आल्या. माझ्याच वयाच्या, काटक, हातात झारी. माना टाकलेली रोपे पाहून त्या आम्हा दोघांकडे न बघता म्हणाल्या, "आईशप्पत, चार दिवस गेले तर काय हाल करून ठेवले बिचाऱ्यांचे."

"हिरामावशी," सुजाता म्हणाली, "या रोपांना तुम्ही पाणी घातलंत?"

"व्हय."

"मी नको म्हणाले होते ना?"

"तू म्हनलीस बाय. मना वाटलं, हिरीला पानी न्हाय म्हनून म्हनते. तर मी तुमच्यातलं थेंबभर न्हाय घेतलं. माझ्या घरची कळशी आनली सकाळच्याला. तू यायच्या आधी."

त्या गावात मार्चअखेरीला घरची कळशी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"पण का?" सुजाताने विचारले.

हिराबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "का म्हंजे? एक तहानेलं म्होरं बसलंय नि मी बाजूच्याला पाजते. मग घरी जाऊन माझ्या घशाखाली भाकर उतरंल?"

मी शिंपल्यांबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, ही त्यांच्या सासरची रीत. वाडीत नवी पोफळ लावली, की पहिल्या उन्हाळ्यात घरातल्या बायका आळीपाळीने शिंपतात. कोणी किती पाळ्या दिल्या याचा घोळ होऊ नये म्हणून दर पाळीला एक शिंपला बुंध्याशी पालथा ठेवायचा. पाऊस आला की शिंपले मातीत जातात आणि मोजणी संपते. "माझी सासू शाळेत न्हाय गेली, मी बी न्हाय. पन पोफळीचा हिशेब कधी चुकला न्हाय."

"चिठ्ठ्या पाहून घालत होता का? पांढऱ्या, निळ्या?"

"चिठ्ठी काय पानी पिते, दादा? मी पान बघते. जे पडलं त्याला घालायचं, जे उभं हाय त्याला कशाला?"

सुजाता बांबूला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग असावा असे मला वाटले. तो नव्हता. मात्र ज्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तेच आधी तपासावे लागते, आणि हिराबाई खरोखर पान पाहूनच रोप निवडतात का, हे मला पाहायचे होते. मी तिला आधीचे शिंपले काढून, सर्व चिठ्ठ्या आतल्या बाजूला वळवून पिशव्यांची जागा बदलायला सांगितले. तोवर हिराबाईंना गुरुजींकडे चहाला पाठवले.

परत आल्यावर मी त्यांच्या हातात शिंपले दिले. "आज ज्यांना पाणी घातलं असतं, त्यांच्यापाशी एक एक ठेवा. पाणी मात्र घालू नका."

"नुसताच शिंपला? पानी न्हाय?"

"नाही."

"म्हंजे पाव्हन्याला ताट दावायचं नि उठवायचं."

तरीही त्या बसल्या. प्रत्येक रोपाचे शेंड्याखालचे पान दोन बोटांत धरायचे, क्षणभर थांबायचे, मग पुढे. रोपवाटिकेतल्या माझ्या सर्व वर्षांत एवढा सावकाश हात मी पाहिलेला नाही. अर्ध्या तासाने आम्ही शिंपला ठेवलेल्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या बाहेर वळवल्या. पांढरी, पांढरी, पांढरी. मध्ये दोन निळ्या निघाल्या. त्यामुळे मला उलट बरे वाटले. एकही चुकली नसती तर मी सारे पुन्हा करायला लावले असते.

सुजाता मातीतच बसली. मग म्हणाली, "आबा, फरक होता. मावशी रोज तो पुसत होत्या."

मी मान हलवली. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असे वाटले. हाताला माती होती.

त्या रात्री गुरुजींच्या घरी पापलेट होते. मला नीट खाता येत नाही, काटे कुठे असतात ते कळत नाही. सुजाताने माझ्या ताटातले काटे काढून दिले. लहानपणी तिच्या बोरातल्या बिया मी काढत असे. यापलीकडे त्या संध्याकाळबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

तिसरा दिवस : सभा

सभा शाळेच्या पडवीत भरली. चाळीसएक माणसे असतील. सुजाता पहाटेपासून रोपे मोजत होती आणि केसांना पालापाचोळा लागलेला असतानाच बोलायला उभी राहिली. लिहून ठेवलेले पत्र तिने काढले नाही.

ती म्हणाली, की तिने मागच्या आठवड्यात फरक नाही असा निष्कर्ष काढला होता आणि तो चुकीचा होता. पण आज फरक सिद्ध झाला असेही ती म्हणणार नाही, कारण प्रयोग बिघडलेला आहे. बिघाड कसा झाला तेही तिने सांगितले, मात्र हिराबाईंना दोष दिला नाही. रोपे फक्त मोजायची नसतात, राखायचीही असतात, ते काम आपण केले नाही, असे ती म्हणाली. तिला आणखी एक वर्ष हवे होते. या पावसात निम्म्या टेकडीवर दोन्ही प्रकारची रोपे लावायची, पुढच्या उन्हाळ्यात सर्वांसमोर मोजायची. हे कण पुढे माती आणि विहिरीत किती उतरतात, तेही तपासायचे. तोवर मुरमाला हात लावू नये.

नारायण नावाचा पन्नाशीचा गृहस्थ उठला. मुरूम काढावा असे म्हणणाऱ्यांत तो पुढे होता. "मॅडम, दोन वर्षं आम्ही शेळ्या बांधून ठेवल्या. आता तुमचा निकाल शिंपल्यावर आला?"

हशा झाला. मागून हिराबाईंचा आवाज आला, "कधी बांधल्यास रं नाऱ्या? माझी दोन केळी कोनी खाल्ली मग, तू?"

या वेळचा हशा मोठा होता आणि नारायणही त्यात सामील झाला. मग तो माझ्याकडे वळला. "आबा, तुम्ही फॉरेस्टमधले. तुम्ही सांगा. औषध चालतंय का न्हाय?"

सुजाता माझ्याकडे पाहत नव्हती. मी उभा राहिलो.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हणालो. "माझं मत धरू नका. रोपं वीस पावलांवर आहेत. स्वतः पाहा."

माणसे उठली. दुपार होत आली होती, हिराबाईंची कळशी थांबून सहावा दिवस. आता ओळखायला हिराबाईंचा हात लागत नव्हता. पांढऱ्या चिठ्ठीची रोपे पिशवीच्या काठावर लोंबत होती. निळ्या चिठ्ठीच्या रोपांची खालची पाने मलूल झाली होती, शेंडे उभे होते. सगळे हिरवे आणि सगळे वाळलेले असे चित्र नव्हते. असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. पण फरक शाळेतल्या पोरालाही दाखवता आला असता.

नारायणने एक पान हिराबाईंसारखेच दोन बोटांत धरून पाहिले. त्याला काय कळले ते त्याने सांगितले नाही. पडवीत परत गेल्यावर एवढेच म्हणाला, "एक पावसाळा जाऊ द्या. टेकडी कुठं पळून जात न्हाय."

दोघातिघांनी हरकत घेतली, थोडी वादावादी झाली, एकाने जुन्या बांधाचे भांडण मध्येच उकरून काढले. गुरुजींनी हात वर करायला सांगितले. टेकडी आणखी एक वर्ष बंद ठेवायची असे ठरले. मुरमाचा विषय बाजूला पडला.

सभा पांगल्यावर मी रोपवाटिकेत गेलो. हिराबाई झारी घेऊन किंजळाच्या ओळीपाशी उभ्या होत्या, शाळेत परवानगी मागणाऱ्या मुलीसारख्या.

"बाय, मोजून झालं ना तुझं?"

"झालं मावशी."

"मग आता तरी घालू?"

"घाला," सुजाता म्हणाली. "दोन्हींना घाला."

हिराबाईंनी पहिल्या पांढऱ्या चिठ्ठीच्या रोपाला पाणी घातले, कमरेच्या पिशवीतून शिंपला काढला आणि सुजाताच्या हातात दिला. "तू ठेव. म्हंजे उद्या इसरशील न्हाय." सुजाता ओळीतून शिंपले ठेवत त्यांच्या मागे चालू लागली. मी मांडवाच्या सावलीत बसलो. तीन दिवस माझी पाठ दुखत होती, हे तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आले.

परत

निघताना दोन रोपे बरोबर घेतली, एक निळे, एक पांढरे. हिराबाईंनी फडक्यात मूठभर शिंपले बांधून दिले आणि बजावले, "पालथे ठेवा. उताना ठेवला तर कोन मोजनार?" याचा अर्थ मला कळला नाही, पण मी उताणा ठेवलेला नाही. या खेपेला भरतीची वेळ विचारून लाँच धरली. ती वेळेवर पोहोचली आणि प्रवासात कोणीही माझ्याशी बोलले नाही.

आटपाडीत ऊन तिथल्यापेक्षा कोरडे असते. दोन्ही पिशव्या उत्तरेच्या भिंतीशी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पान पडले की पाणी घालतो, एरवी घालत नाही. घरी येऊन चार आठवडे झाले. पांढऱ्या चिठ्ठीच्या पिशवीत आज सात शिंपले आहेत, निळ्या चिठ्ठीच्या पिशवीत तीन.

सुजाताला कळवलेले नाही. दोन रोपांवरून निष्कर्ष काढू नये, हे तिला मीच शिकवले होते. शिंपले मात्र मी रोज सकाळी मोजतो.